बेसिनखालची बादली

वॉर्डाच्या दाराशी हात धुण्याचे बेसिन आहे. गेल्या उन्हाळ्यात त्याच्या खाली एक निळी बादली आली. बेसिनच्या भोकात बसवलेली जाळी, जिला दुकानदार वेस्ट कपलिंग म्हणतात, ती गंजून तिची कड निखळली होती. वरून सोडलेले पाणी नळीत जाण्याऐवजी भिंतीवरून खाली उतरायचे. मावशी दिवसातून चारदा बादली ओतायच्या. पुढे त्यांनाही कंटाळा आला, नळाला फडके बांधले गेले आणि कुणीतरी वहीच्या पानावर ‘बंद आहे’ असे लिहून चिकटवले. ते पान सहा आठवडे टिकले. कपलिंगही इतके टिकले असते तर बरे झाले असते.

या सहा आठवड्यांत आम्ही डॉक्टर मंडळी सॅनिटायझरवर भागवत होतो. पण हाताला रक्त, शी, पू लागला असेल तर सॅनिटायझर पुरत नाही. काही जंतूंच्या बीजाणूंवर तर त्याचा परिणामच होत नाही. तिथे साबण आणि वाहते पाणीच लागते. नातेवाइकांचे काय? बाळाचे लंगोट बदलून आजी हात धुवायला येई, कागद वाचून परत जाई आणि पदराला हात पुसून बाळाला घेई. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे आणि त्या वेळी काही केले नाही, हेही इथे लिहिले पाहिजे.

या काळात नवे कपलिंग दोनदा आले आणि दोन्ही वेळा चुकले. पहिल्यांदा कोणीतरी जुन्या तुकड्याच्या आट्यांवर टेप लावला, माप आले ४२ मिलिमीटर, म्हणून ४० चे मागवले. ते भोकात शिरलेच नाही. गंमत अशी की बेसिनचे सव्वा इंची कपलिंग, ज्याला ३२ मिलिमीटर म्हणतात, त्याच्या आट्यांचे बाहेरचे माप ४२ च्या आसपासच भरते. ३२ हे नळीच्या आतल्या वाटेचे नाव आहे. ४० म्हणजे दीड इंची माल स्वयंपाकघरातल्या सिंकचा. दुसऱ्यांदा माप बरोबर होते, पण त्या कपलिंगच्या अंगाला खाचा होत्या. ज्या बेसिनला वरच्या कडेजवळ जादा पाणी जाण्याचे छिद्र असते, त्याच्यासाठी या खाचा लागतात. आतल्या पोकळीतले पाणी त्यातून नळीत उतरते. आमच्या बेसिनला ते छिद्रच नाही. मग झाले असे की नळीत जाणारे पाणी खाचांमधून उलटे बाहेर येऊन आट्यांवरून ठिबकू लागले. बादली पुन्हा आपल्या जागी!

शेवटी एका रविवारी जुना तुकडा पिशवीत घालून मीच हार्डवेअरच्या दुकानात गेलो. दुकानदाराने तो हातात फिरवला आणि विचारले, “साहेब, भांड्याला वरचं छिद्र आहे का? भांडं जाड आहे का पातळ? खाली बाटली आहे का नुसता पाइप?” रुग्णाला काय विचारायचे हे शिकायला मला पाच वर्षे लागली, या माणसाने तीन प्रश्नांत निदान केले. भांडे पातळ असेल तर आटे वरपर्यंत हवेत, नाहीतर चेकनट आटे संपले म्हणून अडतो आणि वायसर दाबला जात नाही. ‘बाटली’ म्हणजे बॉटल ट्रॅप. त्याचा तिसरा प्रश्न मात्र प्लंबिंगचा कमी आणि माझ्या धंद्याचा जास्त होता.

बेसिनखालच्या वाकड्या नळीत किंवा त्या बाटलीत दोन-तीन इंच पाणी सतत थांबून राहते. गटारातली हवा वर येऊ नये म्हणून ठेवलेले हे पाण्याचे झाकण आहे. १७७५ साली लंडनच्या अलेक्झांडर कमिंगने शौचालयासाठी अशा वाकड्या नळीचे पेटंट घेतले. तेव्हा जंतू रोग करतात हे कोणाला सिद्ध करता आले नव्हते, तरी युक्ती बरोबर निघाली. आपल्याकडे कितीतरी घरांत बेसिनला घड्यांचा प्लॅस्टिक पाइप लावून तो सरळ जमिनीतल्या भोकात सोडलेला असतो. तिथे सगळी भिस्त फरशीतल्या नहाणी ट्रॅपवर. आणि तो ट्रॅप आपल्या जिल्ह्यात उन्हाळ्यात सुकतो. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येते, पाहुण्यांची मोरी महिनोन्महिने वापरात नसते, पाणी उडून जाते, वास येऊ लागतो. आपण उदबत्ती लावतो.

वासापुरते असते तर हा विषय इथे घेतला नसता. २००३ साली हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या इमारतींच्या संकुलात सार्सचे तीनशेहून अधिक रुग्ण झाले. तपासात जी कारणे पुढे आली त्यांत न्हाणीघरांच्या फरशीतले सुकलेले ट्रॅप हे मोठे कारण होते. मैलावाहिनीतले विषाणूयुक्त तुषार तिथून घरांत आले आणि ते ओढून घेण्याचे काम एक्झॉस्ट फॅनने केले. २०१६ च्या दुष्काळात मांजरा धरण कोरडे पडले, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या दिवसांत फरशीच्या जाळीत तांब्याभर पाणी ओता, असे सांगण्याचे धाडस मलाही झाले नसते. पण धुण्याभांड्यांचे वापरलेले पाणी त्याला चालते.

रुग्णालयाच्या बेसिनची गोष्ट याहून अवघड आहे. टोरंटोच्या एका मोठ्या रुग्णालयात २००४ ते २००६ या काळात अतिदक्षता विभागातल्या ३६ रुग्णांमध्ये औषधांना दाद न देणारा स्यूडोमोनास जंतू सापडला, आणि त्यांतले काही दगावले. जंतू मुक्कामाला होता हात धुण्याच्या बेसिनच्या भोकात. नळाची धार थेट जाळीवर पडायची आणि तुषार किमान मीटरभर उडायचे. बेसिने बदलल्यावर साथ थांबली. व्हर्जिनिया विद्यापीठात २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तर दिसले की ट्रॅपमधल्या जंतूंचा बुळबुळीत थर, खाद्य मिळाले तर, दिवसाला सुमारे एक इंच वर चढतो. हे खाद्य आपणच पुरवतो. उरलेले ग्लुकोजचे सलाइन, चहा, बाळाचे दूध, सगळे हात धुण्याच्या बेसिनमध्ये. म्हणून वॉर्डातल्या बेसिनला जादा पाण्याचे छिद्र नको, बूच नको, नळाची धार जाळीवर नको, आणि त्यात हात धुण्याशिवाय काही ओतायला नको.

आता मुद्द्याचे. काहीशे रुपयांच्या तुकड्यासाठी सहा आठवडे जातात, ते तुकडा मिळत नाही म्हणून नव्हे. मागणीपत्रात ‘बेसिन जाळी, एक नग’ एवढेच लिहिलेले असते आणि ते लिहिणाऱ्याने बेसिनखाली वाकून पाहिलेले नसते. रुग्ण कल्याण समितीच्या पैशातून किरकोळ दुरुस्ती करता येते. मग वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टरना तेवढा अधिकार का नसावा? प्रत्येक मजल्यावर एक डबा ठेवावा. त्यात तिथल्याच बेसिनच्या मापाची दोन पितळी कपलिंगे, चेकनट, रबरी वायसर, टेफ्लॉन टेप आणि एक बॉटल ट्रॅप. आपण व्हेंटिलेटर किती चालू याची रोज नोंद घेतो. चालू बेसिनांची नोंद कोणत्याही रजिस्टरमध्ये मला आढळलेली नाही. बेसिनापाशी हात धुण्याचे सहा टप्पे दाखवणारे चकचकीत पोस्टर मात्र आहे.

घरी हे काम निघाले तर फोटो दाखवून माल आणू नका, जुना तुकडाच घेऊन जा. बोअरच्या क्षारांनी चेकनट धरला असेल तर हातोडी मारण्याआधी व्हिनेगरचे फडके रात्रभर गुंडाळून ठेवा. तुंबले म्हणून ॲसिड ओतू नका. पितळ आणि मुलामा दोन्ही खाते, आणि आधी ब्लीचिंग पावडर टाकली असेल तर क्लोरीन वायू निघून दम कोंडतो. दर वर्षी असे एक-दोन रुग्ण आमच्याकडे येतातच. बेसिनखाली बादली ठेवावीच लागली तर ती रोज रिकामी करून आतून घासा, कारण डेंगीच्या डासाला अंड्यापासून उडायला आठ-दहा दिवस पुरतात. न वापरातल्या मोरीत आठवड्याला तांब्याभर पाणी. गावाला जायचे असेल तर त्यावर चमचाभर गोडेतेल सोडा, पाणी लवकर उडत नाही.

आमच्या वॉर्डात तिसरे कपलिंग बसले. प्लंबरला वीस मिनिटे लागली. मावशींनी ती निळी बादली धुऊन उन्हात उपडी घातली आणि ‘बंद आहे’चा कागद मी खिशात घालून घरी आणला.