लाइट गेली, तर लसीचं काय? पेठच्या पावसातलं फ्रीजचं गणित

नाशिक जिल्ह्यातला पेठ तालुका. घाट, गुजरातची सीमा, विखुरलेले पाडे आणि धो धो पाऊस. तारांवर झाड पडलं की लाइट जाते. अशा वेळी आरोग्य केंद्रातल्या लसी कशा टिकवायच्या?

लसी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवाव्या लागतात. पोलिओचे थेंब उष्णतेने बिघडतात, तर पेंटाव्हॅलंट आणि हिपॅटायटिस बी गोठल्यावर निकामी होतात. त्यामुळे घरचा फ्रीज चालत नाही.

मग कोणता चालतो?

आइस-लाइन्ड रेफ्रिजरेटर. त्याच्या आत बर्फाचं अस्तर असतं. दिवसात साधारण ८ तास वीज मिळाली तरी तो तापमान धरून ठेवतो. झाकण वर असतं, कारण थंड हवा जड असते. झाकण उघडलं तरी ती बाहेर सांडत नाही. लांबच्या सफरीवरच्या शिडाच्या बोटींतही याच कारणाने वरून उघडणारी पेटी पसंत केली जाते.

आणि सोलर?

बॅटरीशिवाय चालणारे सोलर फ्रीज दिवसा बर्फ करून थंडावा साठवतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार ते उन्हाविना किमान ३ दिवस टिकायला हवेत. पण पावसाळ्यात ढग त्याहून जास्त दिवस मुक्काम करू शकतात.

खरी अडचण हीच आहे: एकाच पावसात तारही जाते आणि ऊनही. म्हणून फ्रीज निवडताना हिशोब जुलैचा धरायला हवा, आणि फ्रीज बंद पडला तर लसी कोल्ड बॉक्समधून कुठे हलवायच्या, हेही आधीच ठरलेलं हवं.

कारण निकामी झालेली लस बहुतेक वेळा दिसायला चांगल्या लसीसारखीच असते. बाळाला टोचली जाते, कार्डवर नोंदही होते. संरक्षण मात्र मिळत नाही.