लोशन ही चैन नव्हे, कामगाराच्या कातडीचा हक्क आहे!

साथींनो,

मागणीपत्रात "कोरड्या व खाजऱ्या त्वचेसाठी औषधी लोशन दवाखान्यातून मिळावे" असे कलम घातले की टेबलापलीकडचे साहेब गालात हसतात. "काय सेक्रेटरी, आता पावडर-स्नोसुद्धा रेल्वेनेच द्यायची का?" असे विचारतात. आपल्यातलेही काही जुने कार्यकर्ते म्हणतात, पेन्शन आणि खाजगीकरणासारखे डोंगराएवढे प्रश्न समोर असताना हे काय खूळ काढले? या दोघांनाही उत्तर दिले पाहिजे.

आधी हात पाहा. डिझेल शेडमधल्या फिटरचे, कॅरेज-वॅगनमधल्या खलाशाचे, रुळांवर बारा महिने राबणाऱ्या ट्रॅकमनचे. दिवसभर ग्रीस आणि इंजिन ऑईल. ड्यूटी सुटली की तेच हात डिझेलने किंवा घासलेटने धुवायचे आणि वर कपड्याच्या सोड्याने घासायचे. कातडीच्या वरच्या थरात निसर्गाने स्वतःचे तेल भरलेले असते. त्या तेलामुळे आतले पाणी आत राहते आणि बाहेरचे विष बाहेर. घासलेट ग्रीस काढते, तसे हे तेलही काढते. मग कातडी कोरडी पडते, खाज सुटते, नखे लागतात, भेगा पडतात आणि भेगेतून जंतू आत शिरतात. टपाल खात्यातल्या साथींचे दुखणे याच जातीचे. सॉर्टिंगमध्ये तासन् तास कागद हाताळून बोटे रखरखीत होतात, थैल्यांची धूळ अंगावर बसते, आणि पोस्टमनचे हात-तोंड ऊन-थंडीत भाजते. कोकणातला मुलगा बदलीवर इटारसीला किंवा झाशीला गेला की पहिल्याच कोरड्या थंडीत हे सारे शिकतो.

यावर उपाय साधा आहे. लिक्विड पॅराफिन किंवा व्हाइट सॉफ्ट पॅराफिन कातडीवर आवरण घालते. ग्लिसरीन आणि युरिया पाणी धरून ठेवतात. युरिया व लॅक्टिक अॅसिड जाड, खवलेदार कातडी मऊ करतात. याला जे साहेब स्नो-पावडर म्हणतात, त्यांनी जागतिक आरोग्य संघटनेची अत्यावश्यक औषधांची यादी उघडून पाहावी. तिच्यात 5 टक्के आणि 10 टक्के युरियाचे मलम आहे. जगाने जे अत्यावश्यक मानले, ते आमच्या खलाशाने मागितले की चैन कशी होते?

आणि लोशनऐवजी मिळते काय? एक खाजेची गोळी. यातल्या काही गोळ्यांनी पेंग येते. पेंगणारा माणूस चालत्या गाड्यांच्या लायनीवर पाठवायचा, हे कोणत्या सुरक्षा सप्ताहात बसते? कोरड्या कातडीला गोळी म्हणजे रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला!

गोळीने भागले नाही की कामगार मेडिकलच्या दुकानात जातो आणि "सगळ्यावर चालणारी" ट्यूब आणतो. अशा पुष्कळ ट्यूबांत स्टेरॉईड, बुरशीचे औषध आणि अँटिबायोटिक यांची खिचडी असते. दोन दिवसांत खाज थांबते, म्हणून माणूस महिनोन् महिने चोळत राहतो. कातडी पातळ होते, आणि गजकर्ण असेल तर ते वरून दबते पण आतून पसरते. सरकारने मार्च 2018 मध्ये 14 स्टेरॉईड मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास बंदी घातली. तरी काउंटरवर काय चालते हे आपण सारे जाणतो. चांगले लोशन दवाखान्यात मिळाले असते तर हा कामगार त्या काउंटरवर गेलाच नसता.

कायदा काय म्हणतो? कामामुळे होणारा त्वचारोग हा 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत व्यवसायजन्य रोग म्हणून धरला होता. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेच्या तिसऱ्या अनुसूचीतही तो आहे. म्हणजे कायद्याच्या पुस्तकात ही कामावरची इजा, आणि दवाखान्याच्या खिडकीवर "साधी खाज"! आणखी एक गंमत पाहा. 1948 च्या कारखाना कायद्याने हात धुण्याची सोय मालकावर बंधनकारक केली, पण रेल्वेची रनिंग शेड "कारखाना" या व्याख्येतूनच वगळली. 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेच्या व्याख्येतही ती वगळलेलीच आहे. ज्या शेडमध्ये ग्रीस सर्वांत जास्त, तिथे कायद्याचा आधार सर्वांत कमी. म्हणून तिथे संघटनेचाच आधार हवा.

आता चार शब्द आपल्या माणसांना. डिझेलने हात धुणे बंद करा. आंघोळ कोमट पाण्याने, थोडक्यात उरका. अंग टिपून ओलसर असतानाच लोशन लावा. ड्यूटी संपल्यावर आणि झोपताना पुन्हा लावा. भेगांवर युरियाचे लोशन झोंबते, तिथे साधे पॅराफिनचे मलम बरे. लावल्याबरोबर हँडल किंवा शिडी धरू नका, हात घसरतो. आणखी एक महत्त्वाचे. अशी मलमे कपड्यात मुरली तर कपडा झटकन पेट घेतो, असा इशारा ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने 2018 साली दिला आहे. वेल्डिंग आणि गॅस कटिंगवाल्यांनी मलम मुरलेल्या कपड्याने कामाला उभे राहू नये, विडी पेटवू नये. लोशन सर्व रोगांवरचा अंगाराही नव्हे. गोल कडांचा चट्टा म्हणजे गजकर्ण असू शकते; रात्री साऱ्या घराला खाज सुटत असेल तर खरजेचा संशय घ्या. अशा वेळी डॉक्टरला दाखवा.

शेवटी एक सावधगिरी. उद्या प्रशासन बाटल्या वाटेल आणि म्हणेल, "घ्या लोशन, आता हातमोजे कशाला?" हा सौदा आपल्याला मान्य नाही. लोशन हे हातमोज्यांच्या आणि साबणाच्या सोबतीने हवे, त्यांच्या बदल्यात नव्हे. म्हणून प्रत्येक शाखेने पुढच्या पी.एन.एम.मध्ये हे विषय लेखी मांडावेत: प्रत्येक हेल्थ युनिटमध्ये युरियाचे व पॅराफिनचे लोशन-मलम कायम साठ्यात, ग्रीसच्या जागी तेलाला न फुटणारे हातमोजे, घासलेटऐवजी हात धुण्याचा योग्य साबण व पाणी, आणि वैद्यकीय तपासणीत कामाच्या त्वचारोगाची स्वतंत्र नोंद. कंत्राटी कामगारही यात आलाच पाहिजे, त्याची कातडी काही वेगळी नाही. टपाल शाखांनीही आपापल्या बैठकीत हा विषय घ्यावा.

पेन्शनचा लढा मोठा आहेच. पण ज्या हातांनी झेंडा धरायचा, ते हात भेगाळून रक्त येईपर्यंत वाट पाहण्यात कोणता क्रांतिकारकपणा आहे?

कामगार एकजुटीचा विजय असो!