नाचाच्या रात्रीची तहान

मागील स्मरणिकेत या सदरात मधुमेहाविषयी लिहिले होते. ते वाचून गणेशविसर्जनाच्या दिवशी एक भगिनी मुद्दाम भेटल्या आणि म्हणाल्या, “भाऊ, साखरेचे आम्हांस कळले, आता त्या गोळ्यांविषयी लिहा. माझा मुलगा वर्षअखेरीस मित्रांबरोबर समुद्रकाठी रात्रभर नाचायला जातो. कोणी म्हणते, गोळी घेणाऱ्याने पुष्कळ पाणी प्यावे. कोणी म्हणते, पाण्यानेच मुले दगावली. मी त्याला सांगू तरी काय?” मुलगा गोळी घेतो काय, हे मी विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही. परंतु प्रश्न असा होता की, त्याचे उत्तर वाटेत उभ्याउभ्या देणे मला प्रशस्त वाटले नाही.

जिला ‘एक्स्टसी’ म्हणतात त्या गोळीतील मुख्य द्रव्य एमडीएमए होय. जर्मनीतील मेर्क कंपनीने १९१२ साली त्याच्या कृतीच्या पेटंटासाठी अर्ज केला, तेव्हा त्यांना शोध हवा होता तो रक्तस्राव थांबविणाऱ्या औषधाचा. नाचाचा तेथे काहीच संबंध नव्हता. तो जडला १९८० नंतरच्या दशकात. हे द्रव्य मज्जातंतूंच्या टोकांशी साठविलेली सेरोटोनिनसारखी रसायने एकदम मोकळी करते. म्हणून परका मनुष्य आप्त वाटू लागतो, पाय थकत नाहीत आणि रात्र सरल्याचे भान राहत नाही.

येथेच खरा धोका आहे. आपले वाडवडील उसाच्या मळ्यांत राबले. ऊन चढण्यापूर्वी काम उरकावे म्हणून ते पहाटेच शेतावर जात. घसा कोरडा पडला, डोके जड झाले की सावली धरीत. शरीराची ती सूचना त्यांना कोणी शिकविली नव्हती. गोळी नेमकी तीच सूचना दाबून टाकते. एकीकडे द्रव्य स्वतः शरीराची उष्णता वाढविते, दुसरीकडे अखंड नाच तिच्यात भर घालतो; त्यात डिसेंबर-जानेवारीतील आपल्या बेटावरची दमट हवा आणि माणसांनी कोंदलेली खोली! ताप ४१ अंशांपलीकडे गेला म्हणजे स्नायू विरघळू लागतात, त्यांतील द्रव्ये मूत्रपिंडांत अडकतात, रक्त वाहिन्यांतच गोठू लागते. हा ताप पॅरासिटामॉलने उतरत नाही, कारण तो जंतूंमुळे येणाऱ्या तापाच्या जातीचा नव्हे.

मग पाणी प्यावेच ना? प्यावे, परंतु बेताने. हेच द्रव्य मूत्र रोखून धरणाऱ्या अंतःस्रावाचे प्रमाण वाढविते. प्यालेले पाणी बाहेर पडत नाही, रक्तातील मीठ पातळ होते, मेंदू सुजतो. आणि कवटी तर ताणली जाणारी नव्हे. तरुण स्त्रियांत हा प्रकार विशेष आढळतो. १९९५ साली इंग्लंडातील एसेक्स परगण्यात एका मुलीने आपल्या अठराव्या वाढदिवसाच्या मेजवानीत घरीच एक गोळी घेतली आणि ऐकीव सल्ल्यावर भिस्त ठेवून दीड तासाच्या आत सुमारे सात लिटर पाणी प्यायले. काही दिवसांतच ती गेली. तिने ऐकलेला सल्ला सर्वस्वी खोटा नव्हता. तो अर्धाच होता. घाम गाळीत नाचणाऱ्याने तासाला अर्धा लिटर, तेही घोटघोट घ्यावे. स्वस्थ बसलेल्याने त्याच्याही निम्मे. शिवाय अधूनमधून मोकळ्या हवेत जाऊन बसावे. इतके पाळले तरी गोळी निर्धोक होते असे मात्र कोणी समजू नये.

कारण हातातली गोळी म्हणजे काय, हे देणाऱ्यालाही ठाऊक नसते. रंग आणि छाप कोणालाही करता येतो. युरोपात २०१० नंतरच्या दशकात पूर्वीच्या मानाने दुपटीहून अधिक द्रव्य असलेल्या गोळ्या सापडल्या. काहींत एमडीएमए नसून पीएमए नावाचे अधिक घातक द्रव्य असते. त्याचा परिणाम उशिरा दिसतो, म्हणून ‘ही हलकी आहे’ असे समजून मूल दुसरी गोळी घेते आणि मग दोन्ही एकदम अंगावर येतात. शुद्ध एमडीएमएचेही असेच एक गूढ आहे: पहिली मात्रा यकृताचे ते द्रव्य मोडण्याचे काम मंदावते, त्यामुळे दुसरी मात्रा दुप्पट न ठरता त्याहून भारी पडते. नैराश्यावरील काही औषधे घेत असलेल्यांस तर एकही गोळी धोक्याची.

आता जे मला सर्वांत आवश्यक वाटते ते. मुले पुष्कळदा मरतात ती गोळीने जितकी, तितकीच सोबत्यांच्या भीतीने. पोलीस येतील, घरी कळेल, म्हणून मित्र त्याला कोपऱ्यात निजवितात आणि ‘झोपू द्या’ म्हणतात. अंग तापलेले, बोलणे असंबद्ध, जबडा आवळलेला, झटके, किंवा हाक मारून जाग न येणे, यांपैकी एकही दिसले तर ११४ क्रमांकावर सामूला बोलवावे. तोवर कपडे सैल करावे, ओल्या फडक्याने अंग पुसून वारा घालावा, बेशुद्ध असल्यास कुशीवर वळवावे, तोंडात पाणी घालू नये. आणि काय घेतले, किती वाजता, हे डॉक्टरांना सरळ सांगावे. गोळी उरली असेल तर ती दाखवावी.

त्या भगिनींना मी पुन्हा भेटून इतकेच म्हटले की, रात्री कितीही वाजता फोन करावयास मुलाला मोकळीक द्या. आणि फोन आलाच तर ‘काय घेतलेस’ हे आधी विचारा, ‘का घेतलेस’ हे सकाळी. त्या क्षणभर गप्प राहिल्या; मग म्हणाल्या, “त्याच्या वडिलांना हे कोण सांगणार?” मी म्हटले, स्मरणिका त्यांच्या हाती द्या.

सिमिकविषयी येथे लिहिले नाही. तो विषय निराळा आणि आपल्या गल्लीबोळांच्या अधिक जवळचा आहे. पुढील अंकी त्याचा विचार करू.