जुलैतलं पुण्य

दरवर्षी जून संपत आला की आमच्या मासेमारी कंपूचा ई-मेल येतो : ‘चला लेक लेनियरला! स्ट्रायपर फिशिंग. शनिवारी पहाटे साडेपाच. फक्त कॅच अँड रिलीज, नो किलिंग.’ पुढे हमखास एक हसरा चेहरा. आपण मासे मारणारे नव्हे, नुसते खेळणारे, असा त्याचा अर्थ.

मंडळी, मला स्पष्ट बोलायचं आहे. जुलैच्या लेनियरवर ‘नो किलिंग’ हे शब्द खोटे आहेत. हे पुण्य मी स्वतः पाच-सहा वर्षं केलं आहे, म्हणून हा अधिकार घेतो.

अटलांटाच्या ईशान्येचा हा जलाशय चॅटाहुची नदीवरच्या ब्यूफर्ड धरणामुळे १९५० च्या दशकात तयार झाला. पसारा सुमारे ३८,००० एकर, धरणाजवळ खोली दीडशे फुटांपर्यंत. स्ट्रायपर, म्हणजे स्ट्राइप्ड बास, हा मूळचा समुद्रातून नदीत चढून अंडी घालणारा मासा. त्याची अंडी लांबलचक वाहत्या पाण्यात तरंगत राहावी लागतात, आणि लेनियरमध्ये ते जमत नाही. म्हणून हॅचरीत वाढवलेली बोटभर लांबीची पिल्लं राज्य सरकार इथे सोडतं. हा मासा आपोआप भरून येणारा नाही, हे आधी लक्षात घ्या.

आता उन्हाळ्याचं गणित. जुलैत तळ्याचे जणू मजले पडतात. वरचं पाणी ८५ अंश फॅरनहाइटच्या आसपास, म्हणजे जवळजवळ कोमट. खालचं थंड आणि जड, साठच्या घरातलं किंवा त्याहूनही कमी. मध्ये एक पट्टा, जिथे तापमान झपाट्याने उतरतं. तो थर्मोक्लाइन. वरचं आणि खालचं पाणी एकमेकांत मिसळत नाही, त्यामुळे खालच्या थंड पाण्यातला ऑक्सिजन संपत जातो आणि नवा पोहोचत नाही. मोठ्या स्ट्रायपरला थंडावा हवा आणि ऑक्सिजनही हवा. दोन्ही एकत्र मिळतात अशा पट्टीत तो दाटीवाटीने राहतो, आणि उन्हाळा सरता सरता ती पट्टीही अरुंद होत जाते.

म्हणून तर जुलैत मासे भराभर लागतात! फिश फाइंडरवर साठ फुटांवर कमानी दिसल्या की जिवंत ब्लूबॅक हेरिंग गळाला लावायचा, शिशाच्या वजनाने सरळ खाली सोडायचा आणि माशांच्या थोडा वरच थांबवायचा, कारण स्ट्रायपर वर झेपावून खातो. रॉड होल्डरमध्ये ठेवून कॉफीचा घोट घ्यावा, तोवर टोक पाण्यात जातं. यात आपलं कौशल्य किती आणि माशाची अडचण किती, ते ज्याचं त्याने ठरवावं.

साठ फुटांवरून तो मासा वर येतो तेव्हा काय होतं? तिथे पाण्याचा दाब पृष्ठभागाच्या जवळजवळ पावणेतीनपट असतो. वर येताना दाब उतरतो, तशी माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीतली हवा फुगते. पाच-सात मिनिटं झुंजून तो आधीच दमलेला असतो, स्नायूंत आम्ल साठलेलं असतं, आणि नेमकं त्याच वेळी त्याला वीस-पंचवीस अंश जास्त गरम, म्हणजेच मुळात कमी ऑक्सिजन धरणारं पाणी मिळतं. त्यात आपण त्याला पाण्याबाहेर धरून तीन फोटो काढतो. एकात डोळे मिटलेले असतात म्हणून चौथा. मग ‘जा बाळा’ म्हणून सोडतो.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या सकाळी आमच्या बोटीने अकरा मासे पकडले आणि अकराही सोडले. टाळ्या, फोटो, थालीपीठ. साडेदहाला परत फिरलो तर त्याच खाडीत चार पांढरी पोटं वर तरंगत होती आणि सीगल त्यांच्यावर बसले होते. बोटीवरच्या एका आठ वर्षांच्या मुलाने विचारलं, “बाबा, हे आपलेच का?” बाबांनी गॉगल लावला. मीही काही बोललो नाही. बाकीच्या सातांचं काय झालं ते मला माहीत नाही, आणि ‘सगळे जगले’ असं म्हणायची माझी आता छाती नाही.

यावर मला नेहमी तीन उत्तरं मिळतात.

पहिलं : “अहो, तो शेपटी हलवत गेला की!” गेला, खरं आहे. पण असा मासा खोल जाऊन काही तासांनी, कधी एक-दोन दिवसांनीही मरतो. आपण तोवर घरी पोहोचलेलो असतो. आपल्याला दिसलं नाही म्हणून ते झालंच नाही, असं होत नाही.

दुसरं : “कॅच अँड रिलीज ही चांगली पद्धत आहे, सगळे तज्ज्ञ सांगतात.” चांगलीच आहे! रे स्कॉट यांनी १९७२ मध्ये बासच्या स्पर्धांत ती रुजवली आणि त्याने फार भलं झालं. पण उथळ पाण्यातला लार्जमाउथ बास वेगळा आणि साठ फुटांवरचा स्ट्रायपर वेगळा. एका पेशंटचं औषध दुसऱ्याला चालत नाही. मार्च-एप्रिलमध्ये पाणी गार असताना हाच स्ट्रायपर खुशाल सोडा, जगण्याची शक्यता चांगली असते.

तिसरं उत्तर आमच्या एका काकांचं : “अरे, मी शाकाहारी. मी मारत नाही, खात नाही, फक्त आनंद घेतो.” काका, तुमच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, सुरमईचं कालवण करून खाणारा आपला मालवणी मित्र दोन मासे मारतो आणि दोन खातो. तुम्ही अकरा सोडता, त्यातले किती मरतात ते मोजत नाही, आणि जे मरतात ते कोणाच्याच ताटात जात नाहीत. अहिंसक कोण?

मग करायचं काय? माझं म्हणणं साधं आहे.

उन्हाळ्यात स्ट्रायपरला जायचं तर खाण्यासाठीच जा. निघण्याआधी ठरवा की किती घरांत किती मासे शिजणार आहेत. तेवढे मिळाले की रॉड गुंडाळा, मग सकाळचे सात का वाजलेले असेनात. बोटीत बर्फ भरपूर घ्या. दोर जाड आणि रॉड दणकट वापरा, म्हणजे झुंज लांबत नाही. सध्याच्या नियमाने लेनियरवर माणशी पंधरा मासे चालतात, पण २२ इंच किंवा त्याहून मोठे फक्त दोन. तिसरा मोठा लागला तर कायद्याने सोडावाच लागतो, आणि तो बहुधा मरतो. म्हणून दोन मोठे झाले की थांबायचं. इथे कायद्यापेक्षा एक पाऊल पुढे आपण जायला हवं.

आणि नुसता खेळ हवा असेल तर मुलांना घेऊन सकाळी धक्क्यावर बसा. छोटा गळ, गांडूळ किंवा क्रिकेट किडा, आणि चार-सहा फूट पाण्यातले ब्लूगिल. ते मुळात उन्हाळी पाण्यातच राहतात, ओल्या हाताने अलगद सोडले तर बहुतेक जगतात. मुलांना साठ फुटांच्या कमानींपेक्षा बुडणारा फ्लोट जास्त आवडतो, हा माझा अनुभव आहे.

यंदाचा ई-मेल निघेल तेव्हा त्यातले ‘नो किलिंग’ हे शब्द काढावेत, एवढीच माझी मागणी आहे. त्या जागी लिहा : ‘खाणार तेवढेच पकडणार.’ हसरा चेहरा राहू द्या. आणि काकांसाठी धक्क्यावर एक खुर्ची आणि गांडुळांचा डबा मी स्वतः घेऊन येईन.