परंपरानिष्ठ कुटुंबविचार आणि येवल्याचा माग

कुटुंब हीच बालकाची पहिली शाळा होय, असे मानणारी परंपरानिष्ठ विचारसरणी आज पुन्हा मोठ्या आग्रहाने मांडली जात आहे. आई घरी असावी, मूल परक्याच्या हाती देऊ नये, शासनाने कुटुंबात कमीत कमी ढवळाढवळ करावी, ही तिची सूत्रे. आम्हांस ती मूलतः मान्य आहेत. परंतु येवल्यात ती एकवार तपासून पाहावीत.

येवल्याचा पैठणी विणकर बहुधा राहत्या घरातच काम करतो. कांड्या भरण्यासारखी कामे घरातील स्त्रिया करतात. कित्येकजणी स्वतः मागावर बसतात. म्हणजे आई घरीच आहे. परंतु रांगत्या मुलाने ताण्यात हात घालू नये म्हणून कोणीतरी त्याला राखावे लागते, आणि आजी नसेल तर राखणार कोण? आई घरी असणे व आईला सवड असणे या दोन भिन्न गोष्टी होत, याचा परंपरानिष्ठ मांडणीत सहसा विचार होत नाही.

कायदाही या आईला ओळखत नाही. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतीची रजा १२ वरून २६ आठवडे झाली, आणि ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराचे बंधन आले. घरच्या मागाला ते लागू नाही. तिच्यासाठी उरते ती पहिल्या बाळाकरिता ५,००० रुपयांची मातृवंदना योजना आणि १९७५ पासून चालत आलेली, काही तासांची अंगणवाडी. तेथील सेविका (ती परकी नव्हे, त्याच वस्तीतील असते) आजही मानधनावर राबते. आपल्या मागण्यांसाठी राज्यातील सेविका डिसेंबर २०२३ मध्ये संपावर गेल्या होत्या. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या श्रमविषयक परिपत्रकात कुटुंब पोसण्याइतके वेतन अथवा मुले वाढविणाऱ्या आईला अनुदान असावे असे म्हटले. नुसत्या उपदेशाने घर चालत नाही, हे त्यांना ठाऊक होते.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. मुलाने आईबापांकडून कसब शिकावे, हे आम्हांसही भावते. परंतु १९५३ मध्ये मद्रास राज्यात राजाजींनी अर्धा दिवस शाळा व उरलेला वेळ आईबापांचा धंदा अशी योजना आणली, तेव्हा ती जातीचे धंदे कायम करील म्हणून प्रखर विरोध झाला आणि १९५४ मध्ये ती रद्द झाली. येवल्यात तर हे विसरताच येत नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली ती येथेच. जन्माने नेमून दिलेले जिणे त्यांनी येथे नाकारले.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकावे, अशी सूचना आहे. आमचे म्हणणे इतकेच की, त्या दहा दिवसांत विणकराच्या मुलाने सुताराकडे वा गवंड्याकडे जावे, आणि ज्यांच्या घरी माग कधीच नव्हता त्यांची मुले मागावर बसावीत.