बर्फावरचे तेरा दिवस

वाचकहो, थंडीतल्या दाट धुक्यात कनेरगाव नाक्यावर एस.टी. अगदी जवळ आल्यावरच दिसते. दक्षिण ध्रुवाकडे आभाळ नि बर्फ एकसारखे पांढरे झाले, की वैमानिकाला समोरचा चढही दिसत नाही.

३० डिसेंबर १९४६ रोजी असेच झाले. अमेरिकी नौदलाचे, पाण्यावर उतरणारे 'जॉर्ज वन' विमान अंटार्क्टिकातील थर्स्टन बेटावर बर्फाला घासले आणि स्फोट झाला. नऊजणांपैकी तिघे गेले. उरलेल्या सहांनी मोडक्या विमानाचाच आसरा धरला. तेराव्या दिवशी शोधायला आलेले विमान दिसताच त्यांनी धूर केला.

पण ते विमान उतरणार पाण्यावरच, आणि पाणी सुमारे दहा मैल दूर! एक वैमानिक भाजलेला, पाय गोठलेले. त्याला घसरगाडीवर घालून सोबत्यांनी ओढत नेले. पुढे त्याचे दोन्ही पाय कापावे लागले. जीव मात्र वाचला.

मंडळी, रानात वाट चुकली, कुणी जखमी झाले, तर फुटाफूट करू नका. आसरा धरा, धुराने खूण द्या, आणि चालता न येणाऱ्याला मागे टाकू नका.