विमान शांत झाले, पण कोणासाठी?

मार्च २०१६ मध्ये इंडिगोच्या ताफ्यात पहिले एअरबस ए३२० निओ आले. त्याची प्रॅट अँड व्हिटनी इंजिने पुढे सतत बातम्यांत राहिली, पण ती बिघाडांमुळे. मे २०२३ मध्ये गो फर्स्टने दिवाळखोरीसाठी अर्ज केला, तेव्हाही बोट याच इंजिनांकडे दाखवले गेले. या गदारोळात एक गोष्ट मागे पडली. ही इंजिने जुन्यांपेक्षा खरोखरच शांत आहेत. या शांततेचा किती वाटा आत बसलेल्या माणसाच्या कानांपर्यंत पोहोचतो, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही.

इंडियन एअरलाइन्सच्या बोइंग ७३७-२०० मधून प्रवास केलेल्यांना उड्डाणावेळचा तो कर्कश आवाज आठवत असेल. त्या विमानांच्या इंजिनात गाभ्यातून जाणारी तप्त हवा आणि गाभ्याला वळसा घालून जाणारी थंड हवा यांचे प्रमाण जेमतेम एकास एक होते. मागून निघणारा झोत अरुंद आणि अतिवेगवान असे. पुढच्या पिढीत वळसा घालणारी हवा पाच-सहा पट झाली. आज निओच्या इंजिनांत ती अकरा-बारा पट आहे. मोठा पंखा जास्त हवा हळू ढकलतो. जोर तेवढाच मिळतो आणि झोताचा वेग घटतो. ब्रिटिश गणितज्ञ जेम्स लाइटहिल यांनी १९५२ मध्ये दाखवले की झोताच्या आवाजाची ताकद वेगाच्या आठव्या घातानुसार बदलते. म्हणजे वेग २० टक्क्यांनी उतरला, तर आवाजाची ताकद जवळपास एक षष्ठांशावर येते. प्रॅटच्या इंजिनात त्यावर गिअरची भर आहे. त्यामुळे पंखा टर्बाइनपेक्षा बराच हळू फिरतो.

हा सारा फायदा प्रथम पोहोचतो तो जमिनीवर. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमांनुसार विमानाचा आवाज तीन ठिकाणी मोजतात : उड्डाणमार्गाखाली, धावपट्टीच्या बाजूला आणि उतरण्याच्या मार्गाखाली. तिन्ही ठिकाणे विमानाबाहेर आहेत. २०१७ अखेरपासून मोठ्या नव्या विमानांसाठी ही मर्यादा आणखी कडक झाली. मुंबईत घाटकोपर-कुर्ल्याच्या छपरांवरून विमाने उतरतात. तिथल्या रहिवाशांसाठी हे नियम मोलाचेच आहेत. पण प्रवासी कक्षात किती आवाज चालेल, याबद्दल हे नियम गप्प आहेत. आतली शांतता हा कंपन्यांच्या स्पर्धेचा विषय राहिला आहे. बोइंग ७८७ चे उदाहरण बोलके आहे. त्याच्या इंजिनाच्या आवरणाची मागची कड करवतीसारखी दातेरी केली आणि झोताचा आवाज घटला. त्या बदल्यात विमानाच्या भिंतीतले आवाजरोधक अस्तर कमी करून वजन वाचवता आले. मिळालेल्या शांततेतला काही हिस्सा असा इंधनाच्या खात्यात जमा झाला.

दुसरे कारण भौतिकशास्त्राचे. उड्डाण करताना आणि वर चढताना इंजिन पूर्ण ताकदीवर असते, तेव्हा नव्या-जुन्यातला फरक कानाला लगेच कळतो. एकदा विमान उंचीवर गेले की ताशी आठशेहून अधिक किलोमीटर वेगाने हवा विमानाच्या कातडीवर घासत असते. आतल्या घरघरीचा मोठा भाग तिथून येतो. त्यात वातानुकूलनाचा भर. इंजिन कितीही सुधारले तरी हा आवाज तसाच राहतो. म्हणून पंखांच्या पुढच्या रांगांत तुलनेने शांत, पंखांच्या मागे जास्त गोंगाट, हा जुना अनुभव नव्या विमानातही खरा ठरतो. कोल्हापूर, नाशिक, जळगावसारख्या शहरांच्या मार्गांवर दिसणाऱ्या एटीआर विमानांत हे गणित उलटे होते. तिथे फिरती पाती पुढच्या रांगांजवळ असल्याने मागे बसलेला सुखी.

इंजिन शांत झाल्याचा एक गमतीदार परिणाम मात्र आहे. आधी दबलेले आवाज ऐकू येतात. एअरबस ए३८० आले तेव्हा केबिन इतकी शांत होती की मागच्या विश्रांतिकक्षात रडणारी मुले आणि प्रवाशांच्या गप्पा ऐकू येतात, झोप लागत नाही, अशी तक्रार एमिरेट्सच्या वैमानिकांनी केली होती. ए३२० मध्ये जमिनीवर असताना कुत्रा भुंकल्यासारखा आवाज येतो, तोही बिघाड नव्हे. तो हायड्रॉलिक पंपाचा असतो.

आता कानांचे. उंचीवर असताना केबिनमध्ये साधारण ७५ ते ८५ डेसिबल आवाज असतो. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल आठ तास ही मर्यादा आहे, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. या हिशोबाने वर्षातून चार वेळा मुंबई-दिल्ली करणाऱ्याच्या श्रवणशक्तीला केबिनच्या आवाजाने धोका नाही. उतरताना कानाला दडे बसतात ते हवेच्या दाबामुळे. त्याचा गोंगाटाशी संबंध नाही. तान्ह्या बाळाला तेव्हा अंगावर पाजावे, दडे सुटतात.

खरा धोका प्रवासी स्वतः कानात घालून नेतो. मागे ८० डेसिबलची घरघर असताना साध्या इअरफोनवर गाणे किंवा सिनेमा नीट ऐकायचा, तर आवाज ९० च्या पुढे जातो. ९१ डेसिबलला सुरक्षित वेळ फक्त दोन तास, म्हणजे साधारण मुंबई-दिल्ली प्रवासाइतकीच. आतल्या कानातील केशपेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. गोंगाट विरुद्ध लहरींनी खोडून काढणारे हेडफोन इथे उपयोगी पडतात, कारण ते खालच्या पट्टीतल्या घरघरीवरच उत्तम चालतात. त्यांची कल्पना अमर बोस यांना १९७८ मध्ये झुरिक-बोस्टन विमानातच सुचली होती. त्यांचा फायदा आवाज कमी ठेवला तरच. कापसाचे बोळे निरुपयोगी. फोमचे इअरप्लग दहा-वीस रुपयांचे असले तरी चालतात.

दिवसाला तीन-चार उड्डाणे करणारा केबिन कर्मचारी वर्ग या हिशोबात बसत नाही. त्यांचा बराच वेळ चढत्या-उतरत्या विमानात, म्हणजे गोंगाटाच्या वरच्या टोकाला जातो. आवाज चढवून बोलणे हा कामाचाच भाग. शिवाय नेहमीचे डेसिबल मोजमाप खालच्या पट्टीतल्या आवाजांना कमी गुण देते. केबिनची घरघर नेमकी त्याच पट्टीतली, त्यामुळे थकवा आकड्यात पूर्ण दिसत नाही. भारतात २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाना कायद्यानुसार गोंगाटामुळे आलेला बहिरेपणा हा सरकारला कळवण्याचा व्यवसायजन्य आजार होता. विमान हा कारखाना नव्हे. नोकरीला लागताना आणि नंतर दरवर्षी ऑडिओमेट्री, ४००० हर्ट्झवर सुरू होणारी घट वेळीच पकडणे, जुन्या-नव्या विमानांत कोणाला किती तास मिळाले याची नोंद ठेवणे, यातले काहीच महागडे नाही. श्रवणचाचणीला प्रत्येकी अर्धा तासही लागत नाही.